दोन पोती विटा घेऊन लातूरला

फोनवर विलासरावांनी विचारलं, "ताई, गोल जमेल ना?" आणि मी म्हणाले, "जमेल की."

हे खोटं होतं. खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटांनी मी आजवर आमच्या गावचं देऊळ केलं, गोव्यातलं एक चर्च केलं, एक पूल केला. कौलारू घरं किती केली त्याचा तर हिशेबच नाही. पण गोल इमारत एकही नाही. या विटा चौकोनी असतात. वर बारीक गोल उंचवटे असतात, त्यांना आम्ही दाणे म्हणतो. खालच्या विटेचे दाणे वरच्या विटेच्या पोटात घट्ट बसतात आणि भिंत सरळ जाते. सरळ जाणं हाच तिचा स्वभाव.

मी वेंगुर्ल्याकडची. सातवी शिकले. आठवीला होडीने खाडीपलीकडे जावं लागायचं, ते घरच्यांना नको होतं. पुढे गोव्यात जुन्या खेळण्यांच्या एका दुकानात लागले. लोक मुलांची जुनी खेळणी आणून टाकत, त्यातल्या विटा निवडायच्या, पुसायच्या, रंगाप्रमाणे डब्यात भरायच्या, हे माझं काम. चौदा वर्षं तेच केलं. दुपारी गिऱ्हाईक नसे तेव्हा काचेच्या खिडकीत काहीबाही रचत बसायची. मालकीणबाई चांगल्या, कधी बोलल्या नाहीत. विलासराव सहलीला आले असताना त्यांनी खिडकीतलं चर्च पाहिलं आणि माझा नंबर नेला.

चार महिन्यांनी फोन आला. त्यांचे वडील लातूरला गोलाईत, म्हणजे तिथल्या गोल बाजारात, बांगड्या भरायचे. चाळीस वर्षांवर दुकान चालवलं. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. आई आधीच गेलेली. घरात एकटेच राहतात, आणि मध्ये एकदा गॅस तसाच चालू राहिला. मुलाला त्यांना नांदेडला न्यायचं आहे, ते येत नाहीत. म्हणतात, इथे निदान गोलाईचा आवाज येतो. तेव्हा विलासरावांच्या मनात आलं की गोलाईच हाताखाली देता आली तर.

आता सांगा, यावर नाही कसं म्हणायचं? आणि ज्या माणसाला दिसत नाही त्याच्यासाठी काही करायला मला कोणी कधी बोलावलं नव्हतं. खरं तर कुठेच बोलावलं नव्हतं.

नांदेड

प्रवासाचं काय सांगू, गाडी, मग एसटी, मग परत गाडी. दीड दिवस मी दोन पोत्यांवर पाय ठेवून बसले होते. एकात जुन्या विटा, दुसऱ्यात नव्या. नांदेडच्या फलाटावर पहाटे उतरले आणि जुन्यांचं पोतं तळातून उसवलं. विटा फलाटभर. मला रडूच आलं. पण सांगते, पुढच्या पाच मिनिटांत दहा-बारा माणसं खाली वाकलेली. एक हमाल, डोक्यावर पदर घेतलेल्या दोन बायका, निळ्या पगडीतले एक आजोबा. कोणी काही विचारलं नाही. आजोबांनी शेवटची पिवळी वीट रुळाच्या कडेपासून उचलून आणली, फुंकर मारून माझ्या हातात ठेवली आणि मग विचारलं, "बच्चों के लिए?" मी म्हणाले, "नाही, बाबांसाठी." ते हसले.

विलासराव एका कचेरीत नोकरीला, त्यांच्या बायको सरितावहिनी शाळेत शिकवतात. घर तिसऱ्या मजल्यावर. पूर्वेची खोली नानांसाठी, म्हणजे विलासरावांच्या वडिलांसाठी, रिकामी ठेवलेली. त्यात एक पलंग, एक खुर्ची आणि मधोमध एक मोठं लाकडी टेबल. टेबल नवंकोरं. म्हणजे त्यांनी माझ्या 'जमेल की'वर विश्वास ठेवून टेबलसुद्धा करून घेतलं होतं.

जेवायला ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण आणि ठेचा. आमच्याकडे दोन्ही वेळा भात. भाकरीचा दुसरा घास माझ्या घशाशी अडला तरी मी गुपचूप खात होते. वहिनींनी उठून कुकर लावला. नंतर फणीच्या फणी केळी समोर ठेवली. अर्धापूरची. आमची वेलची केळी बोटाएवढी, ही हातभर लांब. एकात पोट भरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मला गुरुद्वाऱ्यात घेऊन गेल्या. मला एक खोड आहे. कुठलीही इमारत पाहिली की मी मनात तिच्या विटा मोजते, कुठली कुठे बसेल ते. तिथे मी मोजायला लागले, पांढऱ्यावरून सोनेरीवर गेले, कमानीवरून घुमटावर गेले, आणि घुमटाशी मोजणी आपोआप थांबली. उन्हाची पहिली तिरीप त्यावर आली होती. मी तोंड उघडं टाकून उभी. माझ्या शेजारी पंजाबातून आलेली एक बाई तशीच उभी होती. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनी हात जोडले.

लंगरमध्ये जमिनीवर ओळीत बसलो. आमच्या देवळात महाप्रसादाला कोण कुठल्या ओळीत बसणार ते अजून ठरलेलं असतं. इथे मी मधेच जाऊन बसले आणि कोणी सरकायला सांगितलं नाही. रोटी दोन्ही हात पसरून घ्यायची. ते मला माहीत नव्हतं, मी ताट पुढे केलं. वाढणाऱ्या तरुणीने थांबून आपल्या हातांनी दाखवलं, असे. मी हात पसरले. गरम रोटी तळहातावर आली, ते अजून आठवतं.

परतताना वहिनी म्हणाल्या, "एक सांगू का, मला नानांची भीती वाटते. बारा वर्षं झाली लग्नाला, पण आमचं बोलणं म्हणजे, चहा घेता का, आणि, ठेव तिथं. दुकानात दिवसभर बायकांशी बोलायचे, घरी आले की गप्प. आता ते चोवीस तास घरात असणार."

"येतील का?" मी विचारलं.

"तुमच्यावर हाय आता," त्या म्हणाल्या. चेष्टेत म्हणाल्या, पण मला रात्री झोप लागली नाही.

लातूर

नाना ओसरीवर बाजेवर बसले होते. उंच, सरळ पाठीचे, पांढरं धोतर. आम्ही फाटकातून आत आलो तसं त्यांनी मान वळवली नाही, फक्त कान थोडा इकडे केला.

"किती पोती हाईत?"

"दोन, नाना," विलासराव म्हणाले.

"खेळणं आणलंस व्हय मला? दात गेले, डोळे गेले, आता पाळणा बी आण."

"खेळणं न्हाई ओ नाना, मॉडेल हाय. ह्या ताईनं गोव्यात चर्च केलतं, लई भारी."

"चर्चला कोपरे असतात," नाना म्हणाले.

आल्या आल्या त्यांनी नेमकं बोट ठेवलं होतं.

"नाव काय गं माय तुझं?"

"शुभांगी."

"कोकणातली. भात खाऊन बोलतीस, कळतंय. बस. विलास, ऐक. तिकडं मला चार भिंती, त्या बी वळखीच्या न्हाईत. इथं उंबरा कुठं हाय, नळ कुठं हाय, मला म्हाईत हाय. तू म्हणालास गोलाई देतो हातात. दे. हातात आली तर येतो. न्हाई आली तर मला परत विचारायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," विलासराव म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ते संध्याकाळी नांदेडला परतले. रविवारी गाडी घेऊन येणार होते. माझी झोपायची सोय शेजारी, नानांचा पुतण्या दत्ता याच्या घरी. दत्ताच आता दुकान बघतो, शेतीही बघतो. त्याच्या बायकोने पाण्याचा एक हंडा भरून माझ्यासाठी वेगळा ठेवला. मी सवयीने भडाभडा पाय धुतले आणि मग तिच्या तोंडाकडे लक्ष गेलं. नळाला पाणी कितव्या दिवशी येतं ते मला नंतर कळलं. आमच्या दारात विहीर आहे, आम्हाला पाणी म्हणजे काय ते ठाऊकच नाही, असं त्या दिवशी वाटलं.

येळवशीचा दिवस

दुसऱ्या दिवशी येळवस होती. वेळ अमावस्या. ही आमच्याकडे नाही. इकडे त्या दिवशी सगळं गाव उठून शेतात जेवायला जातं. गाव म्हणजे खेडं नाही, अख्खं लातूर शहर. ज्याला शेत नाही त्याला शेतवाले बोलावतात. दुकानं बंद, रस्ते ओस.

नाना सकाळीच तयार होऊन बसले. "चल. आज गोलाई रिकामी असती. माणसांत मला धक्के लागतात मनून दोन वर्षं गेलो न्हाई."

माझ्या खांद्यावर हात ठेवून ते चालले. मी पुढे, ते मागे. आणि एका वळणावर गोलाई समोर आली.

मी फोटो पाहिले होते. फोटोत कळत नाही. मधे दुमजली गोल इमारत, तिच्या पोटात देवीचं देऊळ, भोवती रिंगणासारखा रस्ता आणि त्यातून चहूबाजूंना सोळा रस्ते फुटलेले. एरवी इथे पाय ठेवायला जागा नसते म्हणे. त्या दिवशी एक कुत्रं, एक सायकल आणि आम्ही दोघं. इमारत वळत जात होती आणि संपत नव्हती. जिथे उभं राहावं तिथून ती थोडी दिसायची आणि उरलेली पाठीमागे गेलेली असायची. माणसाला सगळी एका वेळी दिसूच नये अशी कोणी बांधली असेल, आणि दोऱ्याने आखताना तो माणूस कुठे उभा राहिला असेल, हे मला अजून उमगत नाही.

मी दोरी काढली, पावलं मोजायला लागले. नाना म्हणाले, "ते नंतर. आधी चक्कर मार माझ्यासंगं. रस्ते मी सांगतो."

"तुम्ही कसे सांगणार?"

ते खांद्यावरचा हात काढून एकटे चालू लागले. हळू, पण न चाचपता. थोडं गेल्यावर थांबले. "हा एक."

खरंच उजवीकडे रस्त्याचं तोंड होतं. पुढे गेले. "हा दोन. मिरचीचा. नाकात गेली ना?" दुकानं बंद होती तरी मला शिंक आली. "तीन. गुळाचा." मग चपलांचा, मग भांड्यांचा. वासाचे रस्ते मला समजले. पण मधे दोन-तीन असे आले जिथे काहीच वास नव्हता, तरी ते बरोबर तोंडाशी थांबले.

"हे कसं?"

"गाल पुढं कर," ते म्हणाले. "चाल आता. भिंतीजवळ हवा पडलेली असती. रस्त्याचं तोंड आलं की गालाला वारा लागतो. लागला?"

मी डोळे मिटून चालले. लागला. अगदी बारीक, कोणी दार किलकिलं करावं तसा. मग गेला. मग परत लागला. मी असे चार रस्ते चालले आणि अंगावर काटा आला. चौदा वर्षं मी खिडकीत इमारती रचल्या त्या रस्त्यावरून जाणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. इमारतीला गालाने बघता येतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

नवव्या तोंडाशी नाना थांबले, बंद शटरवर तळहात ठेवला. "हे माझं." तिथे ते बराच वेळ उभे राहिले. मी दोरीच्या गाठी मोजत बसले, मान वर केली नाही.

दुपारी दत्ताने रिक्षातून शेतात नेलं. कडब्याच्या पेंढ्यांची खोप, आत पाच पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड मांडलेले, खोपीला हिरवा शालू. पूजा झाल्यावर दत्ताने आंबिलाचा लोटा घेऊन पिकात शिंपडत चक्कर मारली. तोंडाने काही म्हणत होता, कानडी वाटणारे शब्द. अर्थ विचारला तर म्हणाला, "आज्जा म्हणायचा तसं म्हणायलो." मग भज्जी. आमच्याकडे भजी म्हणजे तळलेली. ही म्हणजे शेतातल्या सगळ्या ओल्या शेंगा, भाज्या, चिंच, बेसन यांचं दाट कालवण. त्याच्याबरोबर बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे, आणि ताकातलं थंडगार आंबिल. तीन लोटे प्यायले. अनोळखी माणसं रस्त्यावरून जाणाऱ्यांना हाका मारून जेवायला बसवत होती. मलाही दोन शेतांतून बोलावणं आलं. कोणाची कोण मी.

ओसरीवर

पुढचे तीन दिवस मी नानांच्या ओसरीवर शहाबादी फरशीवर बसून होते.

आता माझी लबाडी सांगते. मी ठरवून आले होते की सोळा सरळ भिंती करायच्या आणि कोपऱ्याला कोपरा जोडायचा. सोळा कोपऱ्यांची इमारत लांबून गोलच दिसते. डोळ्याला फसवणं हे आमचं कामच आहे. पहिल्या दिवशी मी तशी तळाची ओळ मांडली आणि नानांच्या हाताखाली सरकवली.

त्यांचं बोट कडेवरून निघालं. सरळ गेलं, अडलं. सरळ गेलं, अडलं.

"हे टोचतंय," ते म्हणाले. "गोलाईला कोपरा न्हाई, माय. असता तर बैल अडला असता तिथं."

मी सगळं मोडलं.

दुसरा मार्ग मी फक्त ऐकून होते. दोन दाण्यांच्या छोट्या विटा घेऊन सांधे चुकवत एक लांब भिंत रचायची. प्रत्येक सांध्यात केसाएवढी मोकळीक असते. एका विटेत ती कळतसुद्धा नाही. पण भिंत बरीच लांब असली तर ते सगळे केस मिळून भिंत वळते, आणि दोन टोकं भेटू शकतात. त्यासाठी विटा जुन्याच हव्यात. नवी वीट घट्ट धरते, वळत नाही. पोरांनी वर्षानुवर्षं खेळून सैल केलेली वीट वळते.

दोन दिवस भिंत रचली. विटा निवडायला नाना बसले. मी एक वीट दाबून बघेपर्यंत ते तीन बघत. "ही नवी. ही जुनी. ही लई जुनी, हिला दात लागलेत कुणाचे तरी." दात खरंच लागले होते.

भिंत तयार झाली. साडेतीन-चार हात लांब, वीतभर उंच, खाली-वर खिडक्या ठेवलेल्या. मी ती उभी करून वळवायला घेतली. वळली. वळत वळत दोन टोकांत चार बोटांचं अंतर राहिलं. मी टोकं धरून जोर लावला आणि ती मधोमध तुटली. विटा बाजेखाली गेल्या.

"वाढली," नाना म्हणाले.

बांगडी फुटली असं आमच्याकडेही म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मला हसू आलं नाही. परत जोडली, परत वळवली, परत तुटली, या खेपेला टोकाजवळ. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा शनिवार दुपार झाली होती. रविवारी विलासराव येणार. पूर्वेच्या खोलीतलं ते टेबल माझ्या डोळ्यांपुढे आलं.

मी म्हणाले, "नाना, मी खोटं बोलले. मी गोल कधीच केलेलं नाही. मी नुसत्या विटा निवडणारी बाई आहे, सातवी शिकलेली. तुमच्या घरचं सहा दिवस खाल्लं. तुम्ही नांदेडला जा, माझ्यामुळे राहू नका. गॅस चालू राहिला तर..."

त्यांनी तळहात पुढे केला. मग म्हणाले, "हात दे."

मी दिला. त्यांनी माझा हात मुठीत घेतला, अंगठ्याच्या बुडाशी दाबला. "दोन-चारचं माप. कामाचा हात हाय, मनून दोन-सहाचा वाटतो, पण दोन-चार जाईल." आत जाऊन त्यांनी एका पत्र्याच्या डब्यातून हिरव्या काचेच्या चार बांगड्या आणल्या. माझ्या बोटांवर एक ठेवली. "सैल सोड."

"सोडलाय."

"न्हाई सोडलास. भ्यायलीस. बायका भितात, हात आकडतात आन् मग म्हणतात कासारानं फोडली. सैल."

मी श्वास सोडला. त्यांनी बांगडी पुढे ढकलली नाही. माझा हातच ते सगळीकडून थोडा थोडा दाबत राहिले. अंगठा आत, करंगळी आत, मधलं हाड जरासं. बांगडी आपली आपण मनगटावर आली. मला कळलंसुद्धा नाही.

"जोर कुठं लावला?" त्यांनी विचारलं.

"कुठेच नाही."

"सगळीकडं लावला. तू मात्र शेवटाला जोर लावून राहिलीस. शेवटच्या चार बोटांवर सगळा भार. फुटणारच. त्या चार बोटांची वाट पहिल्या विटेपासून काढायची असती."

मग आम्ही बसलो. भिंत सरळ ठेवली आणि एका टोकाकडून मी, दुसऱ्या टोकाकडून ते, एकेक वीट दोन बोटांत धरून बारीक हलवत निघालो. वळवायची नाही, फक्त सैल करायची. प्रत्येक सांध्याला आपल्या वाट्याचं थोडं द्यायचं. ऊन ओसरीवरून खाली उतरलं तरी आम्ही तिथेच. मधे दत्ताची बायको चहा ठेवून गेली, तो निवला. नाना मधूनच म्हणत, "ही भ्यायली हाय," आणि त्या विटेवर थोडं जास्त थांबत.

मग त्यांनी एक टोक धरलं, मी एक. भिंत यायला लागली. ओढली नाही, नुसती सोबत केली. चार बोटं, दोन बोटं, एक. शेवटची वीट वरून मी ठेवली आणि नानांनी अंगठ्याने दाबली. बारीक टक् असा आवाज आला.

मी हात काढून घेतले. ती उभी होती. चौकोनी विटांची, एकही कोपरा नसलेली. मी माझ्या हाताने केलेली गोष्ट बघून हात जोडावेसे वाटले, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

नानांचं बोट कडेवरून निघालं. गेलं, गेलं, अडलं नाही. एक फेरा झाला, दुसरा झाला. मी भोवती रस्त्यांची तोंडं मांडली तशी ते बोलू लागले, कोणत्या रस्त्याने कोणत्या गावच्या बायका यायच्या, औशाच्या, निलंग्याच्या, कोणाचा हात कसा. निलंग्याच्या बाया कानडीत भाव करायच्या म्हणे, त्यांना वाटायचं कासाराला कळत नाही.

"मग आता येणार ना नांदेडला?" मी विचारलं.

"बघू," ते म्हणाले. त्यांचं बोट फिरतच होतं.

पुन्हा नांदेड

रविवारी विलासराव गाडी घेऊन आले. त्यांनी ओसरीवर गोलाई पाहिली आणि चप्पल काढून बाहेरच उभे राहिले.

पण ती तशी गाडीत नेता येईना. पहिल्याच खड्ड्याला ताणलेला सांधा तुटला असता. मी म्हणाले की एक सांधा उघडला तर भिंत पुन्हा सरळ होते. मागची अर्धी सीट पाडून फळीवर बांधून नेता येईल. तिकडे गेल्यावर परत जोडायची.

"जोडता येईल मला?" विलासरावांनी विचारलं. "म्हणजे, तुम्ही दाखवाल ना ताई?"

मी तोंड उघडलं. दाखवता आलं असतं. तासाभरात शिकवलं असतं. नाना बाजेवर बसून कान इकडे करून होते. मी म्हणाले, "मला नाही हो जमत एकटीला. तीनदा मोडली माझ्या हातून. ते नानांनी केलंय."

हे मात्र खोटं नव्हतं.

विलासरावांनी वडिलांकडे पाहिलं. नानांनी बाजेखालून काठी काढली. "त्याला कुठं येतंय," ते माझ्याकडे मान करून म्हणाले. "जोर लावील. दत्ता, माझी पिशवी भर रं. आन् तो बांगड्यांचा डबा घे."

वाटेत अहमदपूरला थांबून चहा घेतला, एवढंच. बाकी सगळा रस्ता त्यांचा एक हात मागे फळीवर होता.

तिसऱ्या मजल्यावर पूर्वेच्या खोलीत टेबलावर आम्ही भिंत ठेवली. नानांनी टेबलाच्या चारी कडा चाचपल्या, लाकूड वाजवून बघितलं. मग सगळ्या सांध्यांवरून एकदा बोटं फिरवली. प्रवासात काही विटा आकसल्या होत्या, त्या सैल केल्या. मी पुढे होणार तेवढ्यात ते म्हणाले, "तू बस. तुझी उद्या गाडी हाय. तू गेल्यावर दुसरं टोक कोण धरणार, ते आज बघू. सूनबाई कुठं हाय?"

सरितावहिनी दारातच उभ्या होत्या, ओले हात पदराला पुसत. "मी?"

"ये. हितं धर. दोन बोटांनी."

वहिनी आल्या. त्यांनी टोक धरलं, इतकं घट्ट की नखं पांढरी झाली. नानांनी अंदाजाने हात पुढे केला, त्यांचा हात सापडला, आणि मनगटाशी बांगड्या भरताना धरतात तसा धरला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी हात मांडीवर ठेवून बसले होते.

"सैल," नाना म्हणाले. "मी हाय ना तिकडून. तू ओढायचं न्हाई. येऊ दे."

भिंत वळायला लागली. वहिनींचे ओठ घट्ट मिटलेले. दोन टोकं टेबलावरून हळूहळू एकमेकांकडे आली, थांबली, परत आली. नानांनी शेवटची वीट चाचपून ठेवली आणि दाबली.

"आता?" वहिनींनी अगदी हळू विचारलं.

"आता सोड."